नसियाची वही

व्यापारी दयाळू असू शकतो का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. एक तर आपण त्याला धंदेवाईक म्हणून निकालात काढतो, नाहीतर रमजानमध्ये जकात वाटणाऱ्या शेटजींचे गोडवे गातो. दोन्ही वेळा त्याचा धंदा बाजूलाच राहतो. जकात घरी बसून देता येते. गल्ल्यावर बसून, समोर गिऱ्हाईक उभे असताना, तराजू हातात धरून केलेली दया ही निराळी चीज आहे. तिच्यात तोटा ताबडतोब दिसतो आणि सवाब कुठे जमा झाला ते दिसत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्या नजरेसमोर एक दूरचा मुलूख येतो. किरगिझस्तान. त्यातही नारिन प्रांतातली डोंगराळ गावे, जिथे हिवाळा लांबलचक असतो, पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांवर जातो आणि मेंढरांशिवाय दुसरा आधार नसतो. मुलूख दूरचा खरा, पण त्याचे शब्द दूरचे नाहीत. दुकानाला तिथे ‘द्युक्योन’ म्हणतात, कर्जाला ‘करिझ’, वहीला ‘देप्तेर’. आपले दुकान, आपले कर्ज, आपले दफ्तर. फारसी-अरबी शब्द एका वाटेने आमूदर्यापलीकडे गेले आणि दुसऱ्या वाटेने सह्याद्रीपर्यंत आले. एक शब्द मात्र आपल्याकडे रुळला नाही, तो तिथे घरोघरी आहे : ‘नसिया’. म्हणजे उधार. माल आज, पैसे पुढे कधीतरी.

त्या गावांत दुकानदाराला नावाने हाक मारत नाहीत, ‘बायके’ म्हणतात. मराठी कानाला शब्द गमतीचा वाटेल, पण त्याचा अर्थ थोरला भाऊ. दुकानात बाई असली, आणि पुष्कळदा बाईच असते, तर ती ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण. आता ज्याला भाऊ म्हटले त्याच्याकडे उधार मागायला जीभ कचरत नाही, आणि ज्याला भाऊ म्हटले गेले त्याला नाही म्हणणे जड जाते. नात्याचा हा फास दोन्ही बाजूंनी आवळतो. भाऊबंदकीच्या गावात दुकान चालवणे कठीण, कारण सगळेच आपले, असे तिथले लोक म्हणतात ते उगाच नाही.

पण ‘बायके’ पूर्वी नव्हता. सोव्हिएत काळात खासगी व्यापारी हा गुन्हेगार होता. स्वस्तात घेऊन महागात विकणे याला ‘स्पेक्युलेशन’ म्हणत आणि त्याला फौजदारी शिक्षा होती. गावातले दुकान ग्राहक सहकारी संस्थेचे असे, किंमत वरून ठरलेली, अनेक वस्तूंवर छापलेलीच. विकणारी बाई पगारी. ती प्रेमळ असेल किंवा खडूस असेल, गिऱ्हाइकाच्या नशिबात त्याने फार फरक पडत नसे. ओळखीच्या माणसासाठी ती काउंटरखाली एखादी चांगली वस्तू राखून ठेवी, एवढेच. उधार दिले आणि तपासणीत तूट निघाली तर भरपाई तिच्या मानेवर. जो माल आपला नाही, तो देऊन दया करता येत नाही, ही साधी गोष्ट आहे. दया करायला आधी आपले काहीतरी असावे लागते.

आणि खरे सांगायचे तर त्या काळी गावाला तिच्या दयेची गरजही नव्हती. पगार वेळेवर होई, पेन्शन येई, शाळा-दवाखाना फुकट होता. त्या व्यवस्थेने काय काय चिरडले, याची यादी मोठी आहे. मशिदी बंद पडल्या, लिपी दोनदा बदलली, माणसे तुरुंगात सडली. आम्ही तिची भलामण करत नाही. तरीपण म्हातारीला पिठासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावे लागत नव्हते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. ३१ ऑगस्टला किरगिझस्तान स्वतंत्र झाला. किमती मोकळ्या सुटल्या आणि बँकेतली आयुष्यभराची बचत काही महिन्यांत पाण्यात गेली. १० मे १९९३ रोजी देशाने स्वतःचे चलन काढले, सोम, दोनशे रूबलला एक सोम या भावाने. सामुदायिक शेते मोडली, मेंढरे वाटली गेली. सोव्हिएत काळाच्या शेवटी देशात सुमारे एक कोटी मेंढ्या होत्या, नव्वदीचे दशक सरायच्या आत त्या निम्म्याहूनही कमी उरल्या. कुठे गेल्या? लोकांनी खाल्ल्या आणि विकल्या. विकल्या म्हणजे बदलल्या. शहरातून ट्रक यायचा, त्यात पीठ, साखर, कपडे, व्होडका. पगार महिनोन्‌महिने थकलेला, रोख कुणाकडेच नाही. मेंढरू हेच नाणे झाले. पिठाच्या पोत्याला मेंढरू, लेकराच्या बुटांना मेंढरू. हिवाळा तोंडावर असताना भाव ट्रकवाल्याने ठरवायचा आणि गावाने मान डोलवायची.

या ट्रकवाल्यांतले सगळेच जन्मजात व्यापारी नव्हते. शाळामास्तर, इंजिनिअर, नर्सा, ज्यांचे पगार बुडाले ते सगळे पाठीवर बोचकी घेऊन बाजारात उतरले. बिश्केकजवळचा दोर्दोय बाजार १९९२ साली अशाच लोकांनी उभा केला, जहाजी कंटेनर एकावर एक रचून. वर गोदाम, खाली दुकान. त्यातलेच काही आपापल्या गावी परतले, घराच्या रस्त्याकडच्या खोलीला खिडकी पाडली आणि दुकान मांडले. पीठ कझाकस्तानचे, चहा, साखर, तेल, मेणबत्त्या, काडेपेट्या. आणि काउंटरच्या आत एक शाळकरी वही.

त्या वहीवर पान प्रत्येक घराचे. ही वही म्हणजे गावाचा खरा इतिहास. पेन्शन कधी आली, ओळी कधी खोडल्या गेल्या, कुणाचा मुलगा रशियाला गेला, कुणाच्या घरी मयत झाली, सगळे तीत आहे. भिंतीवर ‘उधार मिळणार नाही’ अशी पाटी आणि पाटीखाली वही. आपल्याकडच्या ‘आज रोख उद्या उधार’ला हसणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. उद्याच्या चरबीदार शेपटीपेक्षा आजचे फुप्फुस बरे, अशा अर्थाची एक किरगिझ म्हण आहे. मेंढराची शेपटी म्हणजे तिथे मेजवानीचा तुकडा, फुप्फुस त्या मानाने हलके. रोकड्या व्यवहाराचे शहाणपण लोकांना ठाऊक होते. तरी वह्या भरत गेल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला फसवत नाही, लहान मूल आले तरी तोच भाव लावतो. कांट म्हणतो, यात नैतिक असे काही सिद्ध होत नाही. प्रामाणिकपणा धंद्याला फायद्याचा असतो, म्हणूनही तो प्रामाणिक असेल. हेतू स्वार्थाचा असेल तर कृत्य योग्य असूनही त्याला नैतिक मोल नाही.

कांटचा दुकानदार शहरातला आहे. त्याचे गिऱ्हाईक आज येते, उद्या दुसरीकडे जाते. नारिनच्या खेड्यात दुसरीकडे जायला जागाच नाही, आणि दुकानदारालाही नाही. तो उधार देतो त्यात स्वार्थ आहेच : न दिले तर माल कुणाला विकणार? रोख तर कुणाकडेच नाही. दया आहेच : समोरच्या बाईची लेकरे त्याच्या लेकरांबरोबर शाळेत जातात. भीतीही आहे : नाही म्हटले तर गावाच्या तोंडातून आपले नाव उतरेल, पोराच्या लग्नाला कोण येईल? या तीन धाग्यांतला दयेचा धागा वेगळा काढून दाखवा, असे त्याला विचारले तर तो आपल्याकडे बघतच राहील. आम्हाला वाटते, त्याचे बघत राहणे बरोबर आहे. सगळा स्वार्थ गाळून उरणारी शुद्ध दया फक्त अशा माणसाला परवडते ज्याचे पोट दुसरीकडून भरलेले असते. हेतूची चिकित्सा करण्यापेक्षा तो वहीत काय लिहितो, ते पाहावे.

काय लिहितो हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. रक्कम लिहायची की वस्तू? नव्वदीच्या सुरुवातीला किमती वर्षात कितीतरी पटींनी वाढत होत्या. पानगळीत दिलेल्या पिठाची रक्कम वसंतात फेडली गेली, तर तिच्यात अर्धे पोतेही येत नसे. रक्कम लिहिली तर दुकानदार बुडतो. ‘एक पोते पीठ’ असे लिहिले तर म्हातारी बुडते, कारण तिची पेन्शन पिठाच्या वेगाने वाढत नाही. आणि उधारीला रोखीपेक्षा चार सोम जास्त लावावेत की नाही?

याचे उत्तर त्याच मुलखातून निघाले आणि आपल्यापर्यंत पोचले, ही आम्हाला मोठी गंमत वाटते. हनफी फिकहचा ‘हिदाया’ हा ग्रंथ लिहिणारे बुऱ्हानुद्दीन मरगिनानी (मृत्यू ११९७) हे फरगाणा खोऱ्यातले. हे खोरे आज उझ्बेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान या तीन देशांत वाटले गेले आहे. १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टनने ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर केले आणि ते कंपनी सरकारच्या हिंदुस्थानी न्यायालयांत वापरात आले. म्हणजे फरगाण्याच्या एका विद्वानाच्या मतांवर इथल्या मुसलमानांचे खटले निकालात निघाले. (कोकणातले आमचे शाफई बांधव इथे भुवया उंचावतील, पण ते असो.) या मुद्द्यावर चारही पंथांतल्या बहुतेक फकीहांचे म्हणणे असे की उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी चालेल, मात्र तो सौद्याच्या वेळीच ठरला पाहिजे. मुदत टळली म्हणून रक्कम वाढवणे हा रिबा, तो हराम.

बारकाईने पाहिले तर या नियमात एक मोठी माणुसकी दडलेली आहे. उशिराचा भार देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. पेन्शन दोन महिने थकली, तर ते दोन महिने दुकानदाराचे गेले. सावकार काळ विकतो, आणि नसिया देणारा तो पदरचा खर्च करतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून किरगिझस्तानात सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांचे पेव फुटले. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही तिथे सर्रास गोष्ट होती. कर्जदार रस्त्यावर आले, आणि २०१३ साली सरकारला सावकारीला लगाम घालणारा कायदा करावा लागला. त्या संस्थांकडे संगणक होते, हमीदार होते, हप्त्याचे तक्ते होते. फक्त दारातली म्हातारी कोण, हे त्यांना माहीत नव्हते.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही, देणे लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरए बकरातली. तिच्या थोडेसे आधी, त्याच सूरेत, अडचणीतल्या देणेकऱ्याला हात मोकळा होईपर्यंत सवलत द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले, अशी आज्ञा आहे. आम्ही पूर्वी हे दोन आदेश एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे समजत होतो. एक म्हणतो लिहा, दुसरा म्हणतो सोडा. पण नसियाच्या वहीजवळ उभे राहिले की दोन्हींचा जोड कळतो. लिहिणे हा संशय नव्हे, तो मान आहे. ज्याचे नाव लिहिले त्याला दुकानदार सांगतो की तू फेडणारा माणूस आहेस. ‘राहू दे हो, लिहीत नाही’ असे म्हणून पोते पुढे सरकवणे ऐकायला गोड, पण त्या क्षणी समोरची बाई गिऱ्हाइकाची भिकारीण होते. दुसऱ्या दिवशी ती त्या रस्त्याने यायची नाही, वळसा घालून जाईल. खरा दयाळू दुकानदार लिहितो आणि मग विसरतो. विसरणे त्याच्या हातात आहे. न लिहिण्याचा अधिकार त्याला नाही, असे आमचे मत आहे.

आणि तरी सर्वांना तो देऊ शकत नाही. भांडवल तेवढे नाही. घाऊक बाजारात त्याला रोख मोजावी लागते, त्याचा पुरवठादार त्याला ‘बायके’ म्हणत नाही. दहा घरांना नसिया दिली तर अकराव्या घरासाठी पोते उरत नाही. मग निवड करावी लागते, आणि निवड म्हणजे न्यायनिवाडा. ज्याचा मुलगा मॉस्कोत बांधकामावर आहे त्याला द्यावे, कारण पैसे परत येतील? की ज्याचे कुणीच नाही तिला, कारण तिला दुसरा आधार नाही? पहिल्याला दिले तर दुकान जगते. दुसरीला दिले तर ती जगते. दुकान बंद पडले तर सारे गाव तालुक्याच्या बाजाराला वीस-तीस किलोमीटर पायपीट करणार, हिवाळ्यात. दया करून बुडालेला दुकानदार गावावर उपकार करतो की अपकार? अशा दुकानदाराच्या बायकोला एकदा हे विचारावे. वहीतल्या ओळींचे ओझे तिच्या चुलीवर पडते, पण सवाबाच्या गोष्टींत तिचे नाव येत नाही.

मग येते व्होडका. दुकानदार मुसलमान, गाव मुसलमान, आणि फळीवर बाटली. सत्तर वर्षांच्या सोव्हिएत राहणीने ती तिथे ठेवली. सकाळी बायको नसियाने पीठ नेते, संध्याकाळी नवरा त्याच पानावर बाटली मागतो. दिली तर एकाच वहीत तुम्ही एका हाताने घर सावरता आणि दुसऱ्या हाताने पाडता. न दिली तर तो म्हणेल, तू माझा बाप आहेस काय? काही गावांनी पुढे एकत्र बसून दारूविक्रीच बंद केली. हा मार्ग आम्हाला जास्त मान्य आहे, कारण त्यात एकट्या दुकानदारावर नवरा-बायकोचा काझी होण्याची पाळी येत नाही. दयाळू माणसाला दुसऱ्याच्या आयुष्याची मालकी मिळाल्याचा भास फार लवकर होतो.

या सगळ्याची कसोटी लागते ती जनाज्याला. आपल्याकडे जसे नमाजेजनाजाच्या वेळी मयताच्या देण्याची चौकशी होते, तसेच तिथेही होते. इमाम विचारतो, याचे कुणाचे काही देणे आहे का? मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन म्हणतो, ज्यांचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे. खुद्द पैगंबरांनी कर्जदार मयताबद्दल असे विचारल्याच्या हदीस आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. दुकानदार सफीत उभा आहे. घरी वहीत मयताचे पान आहे, पंधरा-वीस ओळींचे. तो काय करील?

तिथेच मोठ्याने ‘मी माफ केले’ म्हटले तर सर्वांच्या तोंडी त्याची वाहवा होईल आणि मुलाची मान खाली जाईल. बापाची गरिबी चव्हाट्यावर मांडून मिळवलेला तो मोठेपणा. गप्प राहून पान फाडले तर? हे पुष्कळांना सर्वोत्तम वाटेल, आम्हालाही बराच काळ वाटत आले आहे. पण मुलाला ठाऊक आहे की पान होते. चाळीस दिवसांनी तो येईल, मेंढरू विकून, नोटा मुठीत धरून. त्याला ‘काही नव्हते रे’ म्हणून परत पाठवणे हे खोटे तर झालेच, शिवाय बापाला कर्जातून सोडवण्याचा मुलाचा हक्क हिरावणेही झाले. जो देऊ पाहतो त्याच्याकडून न घेणे हाही एक प्रकारचा कंजूषपणाच. अशा वेळी शहाणा दुकानदार घेतो. सगळे नाही, अर्धे घेतो, आणि उरलेल्या ओळी त्याच्यादेखत खोडतो. मुलाच्या हातून फेडही झाली, माफीही झाली, आणि दोघे पुन्हा एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकतात.

हे सारे लिहिताना एक धोका आहे, तोही बोलला पाहिजे. अशा दुकानदाराचे कौतुक करता करता आपण सरकारला मोकळे सोडतो. पेन्शन पोटापुरती असती आणि वेळेवर आली असती, तर वही इतकी जाड झाली नसती. कित्येक वर्षे परदेशातून येणारा पैसा किरगिझस्तानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका होता, शेजारच्या ताजिकिस्तानात तर काही वर्षे तो चाळीस टक्क्यांच्या वर गेला. देश पोरांच्या घामावर चालतो, आणि २०१४ च्या डिसेंबरात रशियाचा रूबल कोसळला की त्याचा धक्का नारिनच्या काउंटरवर बसतो. मॉस्कोतला चलनबाजार आणि शाळकरी वही यांच्यामध्ये आधाराला कुणी नाही, एक बायके सोडून. त्याची दया पाहून डोळे भरून येत असतील तर येऊ द्यावेत, पण त्याला ती इतकी का करावी लागली, हा सवाल त्या पाण्यात वाहून जाता कामा नये.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. मोबाइल खेड्यापर्यंत पोचला, पैसे फोनवरून येतात. समजा, मॉस्कोतला मुलगा आईच्या हातात न देता थेट दुकानदाराच्या खात्यावर रक्कम टाकतो आणि सांगतो, बायके, आईला पीठ-तेल देत जा, बाबाला बाटली देऊ नका, हिशेब मला पाठवा. दुकानदार आता घेणेकरीही नाही आणि देणेकरीही नाही, तो विश्वस्त झाला. अमानत आली. म्हातारी दुकानात येते. पीठ घेते, तेल घेते, आणि नातवंडांसाठी मूठभर गोळ्या मागते. मग हळूच म्हणते, हे त्याला कळवू नकोस, उगाच काळजी करील, पेन्शन आली की मी देईन. दुकानदार फोन खिशात ठेवतो, काउंटरच्या आतली जुनी वही काढतो, आणि तिच्या नावाचे पान उघडून गोळ्या लिहून घेतो.